दुसऱ्या खुर्चीवरची क्लॅरिओनेट

आलापल्लीच्या बसस्टँडजवळ माझं झेरॉक्सचं दुकान आहे. दाखले, परीक्षेचे फॉर्म, वनहक्काच्या दाव्यांची भेंडोळी, लग्नपत्रिका, सगळं माझ्या मशीनखालून जातं. ऑर्केस्ट्राही आधी कागदावरच माझ्याकडे आला. वनखात्यातून निवृत्त झालेले एक वनपाल हाताने लिहिलेली गाण्यांची पानं घेऊन दुकानात आले आणि म्हणाले, "बाई, याच्या दहा-दहा कॉप्या काढून द्या. ऑर्केस्ट्रा काढून राह्यलो."

त्यांना सगळं गाव भाऊ म्हणतं, मीही म्हणते. नोकरीभर जंगलात राहिलेला माणूस, पण दौऱ्यावर जातानाही जीपमध्ये हार्मोनियमची पेटी असायचीच. आमच्याकडे ऑर्केस्ट्रा म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर येतो तो बाहेरून बोलावलेला, रंगीत दिवे आणि नाचणाऱ्या मुलींचा. भाऊंना तसला नको होता. त्यांना गावातल्याच लोकांचा हवा होता. आपापली कामं सांभाळून रविवारी दुपारी जमायचं, जुनी गाणी बसवायची, कुणी बोलावलं तर जाऊन वाजवायची. पेटीवर ते स्वतः. कीबोर्डला दवाखान्यातली एक सिस्टर, ढोलकीला बसस्टँडसमोरचा सलूनवाला, गायला दोन शिक्षक आणि एक अंगणवाडीच्या बाई. या बाई माडिया आदिवासी घरातल्या. त्या रेलाचं, म्हणजे त्यांच्या फेर धरून नाचायच्या नाचाचं, गाणं धरायच्या तेव्हा आम्ही सगळे वाजवायचं विसरून त्यांच्याकडे बघत बसायचो.

कागद उचलता उचलता भाऊंनी विचारलं, "तुमच्या बाबाची क्लारनेट आहे नं घरी?"

"आहे नं."

"ती द्या आमाले. अहेरीचे एक बँडवाले मामा पह्यली वाजवणार आहेत. दुसरीसाठी एक मास्तर तयार आहे, नागपूरले शिकून आला, पण वाद्य नाई त्याच्यापाशी."

माझे वडील आरागिरणीत कामाला होते. दिवाळी झाली की गिरणीतून सुट्ट्या मागून मागून झाडीपट्टीतल्या नाटकांबरोबर फिरायचे आणि क्लॅरिओनेट वाजवायचे. त्यांनी ती मला कधी शिकवली नाही. माझ्या भावाला दोन हिवाळे शिकवली, त्याला गोडी लागली नाही. माझ्याकडे काम होतं ते पुसायचं. नाटक करून ते सकाळी घरी येऊन झोपले की मी क्लॅरिओनेटची पेटी उघडायची, प्रत्येक नळीतून फडकं फिरवायची, सांध्यांच्या बुचांना व्हॅसलीन लावायची, जिच्यावर फुंकतात ती वेताची पत्ती वेगळी काढून वाळवायची. ते गेले तेव्हा पेटी माझ्याकडे आली, कारण दुसऱ्या कुणाला ती नकोच होती. मी ती कपाटावर ठेवली. वर्षातून दोनदा उतरवून तसंच सगळं करायची आणि परत ठेवून द्यायची.

भाऊ संध्याकाळी घरी आले. मी पेटी उघडली. त्यांना नुसती दाखवायची होती, पण हात सवयीने चालले. पत्ती तोंडात धरून ओली केली, नळ्या एकमेकींत बसवल्या, चाव्या सरळ ओळीत आणल्या, पत्ती आवळली. हे करताना माझ्या मनात एकच गोष्ट चालू होती, की आता ही मास्तराकडे जाणार. त्याच्या घरी बुचं कोरडी पडतील, पत्ती तशीच राहील, आणि एक दिवस कुणीतरी येऊन म्हणेल, बाई, ती तुटली.

भाऊ बघत होते. एकदम म्हणाले, "अरे बाप्पा! तुमाले तर येते!"

मी "नाही" म्हणायला तोंड उघडलं आणि म्हणाले, "थोडंसं."

"मंग मास्तराले काऊन द्यायची? तुमीच या रविवारी."

ते गेल्यावर माझे पती, जे वायरमन आहेत आणि ज्यांना अर्धवट जोडलेली तार सहन होत नाही, जेवता जेवता थांबले. "तुले कुठी येते?"

"शिकीन."

"सांगून टाक नं सरळ."

"सांगीन. पुढच्या रविवारी सांगीन."

तो पुढचा रविवार दोन वर्षं आला नाही.

सराव शाळेच्या एका खोलीत व्हायचा, दुपारी दोन ते चार. चारनंतर कुणी थांबत नसे, कारण दोघा-तिघांना जंगलातल्या रस्त्याने परत जायचं असे. पहिल्या रविवारी मी पोचले तेव्हा बँडवाले मामा आधीच येऊन बसलेले होते. वय सत्तरीच्या पुढचं, गळ्यापर्यंत बटणं लावलेला पांढरा शर्ट, गुडघ्यावर आडवी ठेवलेली क्लॅरिओनेट. सगळी हयात लग्नाच्या बँडमध्ये गेलेली. घरची भाषा तेलुगू, आणि कुठल्याही बाईला ते अम्मा म्हणायचे. त्यांच्या शेजारची खुर्ची माझी.

भाऊंनी सूर दिला. मामांनी वाजवायला सुरुवात केली आणि मी माझ्या आयुष्यातलं सगळ्यात कठीण नाटक सुरू केलं. ओठ लावायचे, गाल किंचित फुगवायचे, हवा नाकावाटे सोडून द्यायची, आणि मामांच्या बोटांकडे तिरप्या नजरेने बघत त्यांच्या मागोमाग बोटं हलवायची. कीबोर्ड, ढोलकी, पेटी आणि मामांचा भरलेला सूर, यात दुसरी क्लॅरिओनेट वाजते आहे की नाही हे कुणाला कळणार? तरी तासाभरात माझ्या पाठीवरचं पोलकं भिजलं. भाऊ वाजवता वाजवता मान वर करून बघत आणि हसून मान डोलवत. त्यांना वाटे, छान चाललंय.

दुसऱ्या रविवारी मामांनी खिशातून एक छोटी डबी काढली आणि माझ्यापुढे धरली. "अम्मा, ही पत्ती घ्या. मऊ आहे."

मी घेतली. पण त्या दिवशी घरी येईपर्यंत माझं डोकं तेवढ्याच शब्दांभोवती फिरत राहिलं. मऊ पत्ती का दिली? शिकाऊ माणसाला मऊ पत्ती देतात हे मला वडिलांमुळे माहीत होतं. म्हणजे त्यांना कळलं. की सहज दिली? कळलं असेल तर बोलले का नाहीत? आणि कुणाला सांगितलं असेल?

घरी मी खरंच प्रयत्न केले. मागच्या खोलीत, तांदळाच्या पोत्यांमध्ये, दार लावून, पंखा पाचवर ठेवून. मोबाईलवर शिकवणाऱ्यांचे व्हिडिओ बघायची. त्यातला माणूस फुंकायचा आणि सूर निघायचा. मी फुंकायची आणि काहीतरी चिरडल्यासारखा आवाज यायचा. शेजारच्या बाईंनी कुंपणावरून विचारलं, "बदक पाळलं का जी?" मी हो म्हणाले. म्हणजे आता बदकाचंही खोटं सांभाळणं आलं.

चार-पाच महिन्यांत खालचे दोन सूर लागायला लागले, तेही दहातल्या सहा वेळा. सरावात ते वाजवायचं धाडस मी कधी केलं नाही. न वाजवणारी बाई कुणाच्या लक्षात येत नव्हती, चुकीचं वाजवणारी लगेच आली असती.

पहिला कार्यक्रम वर्ष होत आल्यावर, प्रजासत्ताक दिनाला शाळेच्या पटांगणात झाला. आदल्या रात्री मी वरणभात पुढ्यात घेऊन बसले आणि तसाच उचलून ठेवला. कार्यक्रमात काहीच झालं नाही. मामा वाजवत राहिले, मी बोटं हलवत राहिले, लोकांनी टाळ्या वाजवल्या. सगळं आवरत असताना एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत स्टेजपाशी आले. ते पूर्वी नाटकांत राजाची कामं करायचे आणि माझ्या वडिलांना चांगले ओळखायचे. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "बापाचा हात तुझ्यात उतरला, माय."

त्यांचे डोळे भरले होते. मला तिथून पळून जावंसं वाटलं. आतापर्यंत मी भाऊंना फसवत होते, त्या क्षणापासून वडिलांनाही त्यात ओढलं असं झालं. घरी आल्यावर पती म्हणाले, "आता तरी सांग." मी त्यांच्यावरच चिडले. म्हणाले, "आता सांगू? त्या म्हाताऱ्याले काय वाटन?"

उन्हाळ्यात आमचं काही नसायचं. मोहफूल वेचायचं, मग तेंदूपत्ता तोडायचा, सगळे आपापल्या कामात. मी तेवढे महिने सुटल्यासारखी असायची. पावसाळ्यात परत सराव सुरू झाला आणि गणपतीत अहेरीला कार्यक्रम झाला. तिथे एका मुलीने मोबाईलवर चित्रण केलं आणि ते आमच्या भागातल्या सगळ्या व्हॉट्सॅप ग्रुपवर फिरलं. ढोलकी आणि पेटी तिने जेमतेम दाखवली होती. क्लॅरिओनेट वाजवणारी साडीतली बाई तिला आवडली असावी. जवळजवळ मिनिटभर कॅमेरा माझ्यावर होता.

तो व्हिडिओ मी किती वेळा पाहिला ते सांगता येणार नाही. दुकानात गिऱ्हाईक नसलं की आवाज बंद करून बघायची. एका ठिकाणी मामांची चाल खाली उतरते आणि माझी बोटं उघडी पडत वर जातात. जाणकार माणसाला तेवढं पुरे होतं. प्रत्येक वेळी ती जागा आली की मी मागे नेऊन परत बघायची. खाली लोकांनी हात जोडल्याची, फुलांची चित्रं टाकली होती. दोन दिवसांनी नागपूरहून भावाचा फोन आला.

"तू कधी शिकली?"

"शिकली आता."

तो म्हणाला, "बरं." त्या एका शब्दाने मला आठवडाभर झोप लागली नाही.

एकदा सरावाला एक तरुण मागच्या बाकावर येऊन बसला होता. भाऊंनी ओळख करून दिली, "हाच तो मास्तर, म्या सांगितला होता नं." त्याने मला नमस्कार केला आणि पूर्ण दोन तास मन लावून ऐकलं. मधून मधून त्याची बोटं बाकाच्या कडेवर चालत होती, आणि ती बरोबर चालत होती. त्या दिवशी मी त्याच्याकडे एकदाही सरळ बघू शकले नाही. पुढच्या महिन्यात त्याची बदली सिरोंचाकडे झाल्याचं कळलं. मला सुटका वाटली, आणि तशी वाटल्याची लाज अजून आहे.

मग तो एटापल्लीचा कार्यक्रम आला. डिसेंबर होता, मी त्या खुर्चीवर बसायला लागून दोन वर्षं होत आली होती. तिथे बचत गटांच्या बायांचा मेळावा होता आणि दुपारच्या जेवणानंतर आमचा ऑर्केस्ट्रा. भाऊंनी सुरुवातीलाच एक गाणं ठेवलं होतं, ज्याच्या आधी क्लॅरिओनेट एकटीच वाजते. ती मामा वाजवणार होते. मामा अहेरीहून पुतण्याच्या मोटारसायकलवर येणार आणि आम्हाला आलापल्लीत भेटणार असं ठरलं होतं. ते आले नाहीत. मग त्यांनी परस्पर जायचं ठरवलं असेल असं म्हणत आम्ही जीपमधून निघालो.

अर्ध्या रस्त्यात गाडी थांबली. पुढे सूरजागडच्या लोहखाणीकडे निघालेल्या रिकाम्या ट्रकांची रांग, समोरून माल भरलेल्यांची. मध्ये कुठेतरी एक ट्रक आडवा होऊन अडकला होता. कुणाला काही लागलं नव्हतं, पण हलायला जागा नव्हती. दोन्ही बाजूंच्या झाडांची पानं धुळीने लाल झालेली. आम्ही काचा लावून बसलो. तिथे मोबाईलला थोडी रेंज होती आणि तेवढ्यात भाऊंचा फोन वाजला. मामांची सून होती.

फोन ठेवून भाऊ म्हणाले, "मामाले ताप आला. येत नाई."

मग सलूनवाला पुढच्या सीटवरून वळून म्हणाला, "मंग काय झालं? बाई आहेत नं."

सगळे माझ्याकडे बघून हसले. भाऊंचा चेहरा सैल झाला. "हो नं. बाई, आज तुमीच."

आता सांगायचं, असं मी मनात म्हणाले. पुढचा ट्रक हलला की सांगायचं. तो हलला नाही. मग सिस्टर कुणाशी तरी फोनवर बोलत होती, तिचं संपलं की सांगायचं. तिचं संपलं आणि अंगणवाडीच्या बाईंनी मुरमुऱ्यांची पिशवी उघडली. मी मूठभर घेतले आणि एकेक दाणा खात बसले. दीड तास आम्ही तिथे होतो. मी मनात म्हणत होते, हा ट्रक संध्याकाळपर्यंत असाच राहू दे. मग वाटलं, यात कुणी आजारी माणूस अडकला असेल तर? म्हणून तेही मागता येईना. शेवटी पुढून ओरडाआरडा झाला, इंजिनं सुरू झाली आणि रांग सरकली.

मंडपात बाया अजून बसून होत्या. आमची वाट बघत दोन तास. निवेदन करणाऱ्या तरुणीला कुणीतरी माझ्याबद्दल सांगितलं असावं. ती माईकवर म्हणाली, "आता आपल्याच जिल्ह्यातली, आपल्यासारखीच एक बाई क्लारनेट वाजवणार आहे. बाया काय काय करू शकते, पाहून घ्या!" मंडपभर टाळ्या झाल्या. पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या बाया माना उंचावून बघायला लागल्या.

भाऊंनी मला खूण केली. मी पत्ती ओली केली, पण तोंडच कोरडं होतं. फुंकलं. जो आवाज निघाला तो माईकने सगळ्या मैदानात पोचवला. मंडपात कुणीतरी लहान मूल मोठ्याने हसलं. मी परत फुंकलं, या वेळी खालचा सूर धरला. तो लागला. तीन-चार मात्रा तो सरळ उभा राहिला, मग थरथरला आणि फाटला. मी क्लॅरिओनेट खाली घेतली. भाऊ माझ्याकडे बघत होते. त्यांना काही कळत नव्हतं. तेवढ्यात सिस्टरने ती चाल कीबोर्डवर उचलली, सलूनवाल्याने ठेका धरला आणि गाणं सुरू झालं. बायांनी टाळ्यांनी साथ दिली. उरलेला सगळा कार्यक्रम मी खुर्चीवर बसून काढला, वाद्य मांडीवर. बोटंसुद्धा हलवली नाहीत.

कार्यक्रम संपल्यावर मंडपामागे पाण्याच्या ड्रमपाशी भाऊ एकटे होते. मी तिथे गेले.

"भाऊ, मले वाजवता येत नाई."

"आज काय झालं? पत्ती खराब होती का?"

"आज नाई. कधीच येत नव्हतं."

त्यांनी ग्लास भरला आणि तसाच हातात धरला. "मंग दोन साल तुमी काय करून राह्यल्या?"

"बोटं हलवून राह्यली."

"काऊन?"

"क्लारनेट घरून जाईन म्हणून."

त्यांनी ग्लासातलं पाणी मातीत ओतलं. मग म्हणाले, "त्या मास्तराले देऊ शकलो असतो नं बाई. त्याले खरंच वाजवायचं होतं." एवढं बोलून ते जीपकडे गेले. परतताना मी मागच्या सीटवर बसले. अंगणवाडीच्या बाई माझ्या शेजारी होत्या. गाव जवळ आल्यावर त्या हळूच म्हणाल्या, "मले वाटलं, तुमाले पण ताप आला."

दोन दिवसांनी मी क्लॅरिओनेटची पेटी घेऊन अहेरीच्या बसमध्ये बसले. ती मामांना देऊन टाकायची आणि मोकळं व्हायचं असं ठरवलं होतं. त्यांच्या सुनेने दार उघडलं. मी विचारलं, "मामाचा ताप कसा आहे?"

"ताप?" ती म्हणाली. "ताप कुठचा?" मग तिच्या लक्षात आलं आणि ती खाली बघून आत गेली.

मामा मागच्या अंगणात बाजेवर बसले होते. मला बघताच त्यांनी गमछा तोंडावर धरला. मी समोर पाटावर बसले आणि सगळं एका दमात सांगितलं, दुकानापासून एटापल्लीपर्यंत. ते ऐकत होते. माझं संपल्यावर गमछ्याआडून म्हणाले, "मले मालूम होतं, अम्मा."

"कधीपासून?"

"पह्यल्या दिवशी. बाजूच्या माणसाचा दम आयकू येते नं. तुमचा दम नाकातून जाऊन राह्यला होता."

"मंग बोलले काऊन नाई?"

त्यांनी गमछा खाली केला. वरचा जबडा रिकामा होता, गाल आत गेलेले. उठून ते आत गेले आणि एक बशी घेऊन आले. बशीत त्यांची कवळी होती, मधोमध दोन तुकडे झालेली. क्लॅरिओनेटच्या तोंडावर वरचे दात टेकवावे लागतात. मामांचे स्वतःचे दात केव्हाच गेले होते आणि ही कवळी वाजवताना सरकायची. प्रत्येक कार्यक्रमात त्यांना भीती असायची, की लोकांसमोर ती निसटून पडेल. एटापल्लीच्या दिवशी सकाळी ती हातातून सुटली आणि फरशीवर फुटली. तापाचं त्यांनी सुनेला सांगायला लावलं.

"बाजूले खरा वाजवणारा बसला असता," मामा म्हणाले, "तर त्याले समजलं असतं, माझे वरचे सूर गेले. भाऊले सांगितलं असतं. मंग मले कोण बोलावते? तुमी बसून होत्या, मले बरं होतं."

दोन वर्षं मी त्या माणसाच्या डाव्या हाताला बसून, याला कळलं तर काय, याच धास्तीत घाम पुसत होते. आणि तो माझ्या उजव्या हाताला बसून तेच करत होता. सून चहा घेऊन आली. मामांनी बशी पटकन मागे सरकवली, जणू तिने ती पाहिलीच नव्हती.

मी पेटी त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी ती उघडली, नळ्या उचलून उन्हात धरून आतून बघितल्या. "लय साफ ठेवली," म्हणाले. मग पेटी बंद न करता म्हणाले, "फुंका."

"आता?"

"मंग कवा?"

नवी कवळी चंद्रपूरहून बनून यायला पावणेदोन महिने लागले. तेवढ्या दिवसांत मी आठवड्यातून दोनदा दुपारी दुकान बंद करून अहेरीला जात राहिले. मामांना फुंकता येत नव्हतं. ते माझ्यासमोर बसून त्यांच्या क्लॅरिओनेटवर नुसती बोटं ठेवायचे आणि मी बघून माझ्यावर ठेवायची, पण आता हवा आत सोडायची. ते पोटावर हात ठेवून दाखवायचे, इथून. गाल फुगले की आपल्याच गालावर चापट मारून दाखवायचे. सून कपडे वाळत घालता घालता हसायची. मला घाम तसाच यायचा. सूर फाटला की मी वाद्य खाली ठेवायची आणि ते म्हणायचे, "पुन्ना." बस्स, तेवढंच.

भाऊ मात्र रागावलेले होते. झेरॉक्ससाठी दुकानात यायचे, कागद काचेवर ठेवायचे, कॉप्या घ्यायचे आणि जायचे. सरावाला मी जात नव्हते आणि त्यांनी बोलावलंही नाही. एक दिवस मामाच अहेरीहून आले. कवळी अजून आली नव्हती. मला दुकानातून उठवून ते भाऊंच्या घरी घेऊन गेले आणि उघड्या तोंडाने, गमछा न धरता, आपलं सगळं त्यांना सांगितलं. भाऊ ऐकत होते आणि माझ्याकडे, मामांकडे आळीपाळीने बघत होते.

"म्हणजे दोघंही," ते म्हणाले, "आणि मी तिकडे पेटीवर मान डोलवून राह्यलो होतो." ते खरंच दुखावले होते. बाहेर येरझारा घालून परत आले. मग टेबलावरचा गाण्याचा कागद ओढला. फेब्रुवारीत भामरागडच्या रस्त्यावर एका आश्रमशाळेत कार्यक्रम होता. त्यांनी मला विचारलं, "चार सूर येते का तुमाले? लांब लांब धरायचे, गाण्याच्या मागे."

"येतात," मी म्हणाले.

"खरं सांगजा."

"तीन येतात. चवथा कवा येते, कवा नाई."

"मंग तीनच लिहितो," ते म्हणाले आणि त्यांनी तिथेच पेनाने चौथा खोडला.

त्या कार्यक्रमाच्या आदल्या दिवशीही मला जेवण गेलं नाही. आश्रमशाळेच्या मैदानात पोरं ओळीने बसली होती, मागे गावातली माणसं. मामांनी नवी कवळी घातली होती आणि वरचे सूर सगळे सोडून खालच्या पट्टीत गाणं बसवलं होतं. माझी पाळी आली तेव्हा मी पहिला सूर उशिरा धरला, पण तो लागला. दुसऱ्या कडव्यात वेळेवर आला. लागलेला सूर छातीत, दातांत, बोटांच्या टोकांत गुणगुणतो, हे मला तोपर्यंत माहीतच नव्हतं. तिसऱ्या कडव्यात तो मध्येच तुटला. मी घाबरून समोर बघितलं. पोरं अंगणवाडीच्या बाईंकडे बघत होती. कुणीच वळलं नव्हतं. मी परत फुंकलं आणि शेवटपर्यंत धरून ठेवला.

परतताना ट्रकांची रांग भेटलीच, पण चालती होती. भाऊ पुढच्या सीटवर बसले होते. बऱ्याच वेळाने ते न वळता म्हणाले, "तिसऱ्या कडव्यात काय झालं?"

"दम पुरला नाई."

"एक मात्रा आधी घेत जा." त्यांनी खिशातून कागद काढला, मांडीवर ठेवला आणि हलत्या गाडीत त्यावर पेन्सिलीने एक छोटी खूण केली. दोन वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदाच वाजवण्यातली चूक सांगितली होती.